पडद्याआडचं पथ्य

वत्सले, ते विणकाम ठेव खाली आणि नुसतं ऐक! मध्ये हसायचं नाही हं.

अब्बांना धाप लागायला लागली ना, तेव्हाची गोष्ट. दारावर थाप पडली. मला वाटलं, तूपवाला देवराम! पडद्याबाहेर रिकामा डबा धरला नि म्हटलं, "भाऊ, काठोकाठ भरा. अब्बांचा खुराक आहे!"

कोणीतरी डबा घेतला... आणि हसलं.

"हाच तर आजार आहे, बाई. मी डॉक्टर फारुख."

अगं, तो आवाज! माझा हात तसाच बाहेर राहिला — रिकामा.

अब्बा जुने पैलवान. तालीम सुटून वीस वर्षं झाली, खुराक मात्र तोच. फारुख त्यांना म्हणाले, "चाचा, वय झालं की रक्ताच्या नळ्या ताठरतात. पंचविशीचं जेवण साठीच्या काळजाला कसं पेलणार? तूप बंद, मीठ कमी. आणि रोज सकाळी चालायचं... सावकाश."

"मीठ काढलंत, तूप काढलंत, आता ताटही उचला की!" अब्बा गरजले.

मग डॉक्टर रोज यायचे. नाडी अब्बांची, प्रश्न पडद्याला.

"आज काय शिजलं?"

"दोडका."

"काल?"

"दोडका."

"मासूमा, चाचांना बरं करायचंय... सजा नाही द्यायची!"

नाव घेतलं गं माझं! अब्बांच्या हाका ऐकून लक्षात ठेवलं असणार. पडद्याच्या फटीतून मला त्यांची बोटं तेवढी दिसायची, अब्बांच्या मनगटावर. तेवढ्यावर दिवस काढायचे मी.

अब्बा आधी गल्लीच्या टोकापर्यंत चालायचे, मग सराफबाजारापर्यंत. परवा तर गंगेवर, गोदेच्या घाटापर्यंत जाऊन न थांबता परत आले! मी अल्लाचे आभार मानले... आणि आत जाऊन रडले. धाप थांबली, म्हणजे डॉक्टरांचं येणंही थांबणार. डाळीत चमचाभर तूप... नाही गं, घातलं नाही! हात डब्यापर्यंत गेला फक्त. अम्मी गेल्यावर अब्बांशिवाय मला आहे कोण?

काल डॉक्टर शेवटचे आले. अब्बा नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला मागे गेले, तसे ते पडद्याजवळ आले.

"शनिवारी मुंबईला चाललोय. तिथं इस्पितळात नोकरी लागली."

"मुबारक."

"चाचांकडे तुम्हाला मागणी घालायचीय... पण ते म्हणतात, जावई पैलवानच हवा."

"दुसरं नाव काढलं तर घर डोक्यावर घेतात."

"आणि मीच आज चिठ्ठीवर लिहिलं — तीन महिने राग नको, धक्का नको. सांगा... डॉक्टर राहू, की विचारू?"

मागून अब्बांच्या चपला वाजल्या. तीन महिने, वत्सले! तिथं त्यांना दुसरी कोणी सांगून आली तर?

मी म्हटलं, "डॉक्टरच राहा."

त्यांनी पडद्याला बोटं टेकवली. इकडून मीही... क्षणभरच. मग गेले.

आज बुधवार. गाडी शनिवारी. बोल ना गं! माझ्या जागी तू असतीस तर काय म्हणाली असतीस?