कोळदुर्गावरची नवी नवरी

पहाटेच्या धुक्यातून कोळदुर्गाचा बालेकिल्ला हळूहळू वर निघाला, तेव्हा तटावरचे पहारेकरी उभ्याउभ्याच झोपलेले होते, आणि त्यांना जागे करण्याचा कंटाळा हवालदारालाही आला होता. किल्लेदार गोळा लागून पडल्यापासून गडाचा कारभार त्यांच्या विधवा तुळजाबाई पाहत होत्या. माणसांचा अदमास त्यांना कोठारातल्या धान्याइतकाच अचूक होता: कोण उपाशी, कोण भ्यालेला, कोण नुसताच मिशांना पीळ देत बसलेला.

त्या सकाळी वेढा घालून बसलेल्या बंडखोर रवळोजीरावांच्या परवानगीने एक मेणा वर आला. आतून उतरली सगुणा. तुळजाबाईंच्या पुण्यातल्या भाच्याची नवी नवरी, असे तिनेच सांगितले.

"आत्याबाई, दरबारचा निरोप आहे. कुमक येत नाही. किल्ला खाली करून जीव वाचवावेत."

सदरेवर बसलेल्या सरनोबत हैबतरावांच्या डोळ्यांत सुटकेचे पाणीच आले. तुळजाबाईंनाही वाटले, खरेच असो; दरवाजा उघडावा आणि आडवे व्हावे. तरी नजर सवयीने पोरीच्या अंगावरून फिरली.

"पोरी, पुण्यात हल्ली चोळीची बाही कुठवर आली?"

"कोपरापर्यंतच, आत्याबाई."

"आणि लुगड्याचा काठ?"

"चार बोटे. असतो तसाच."

"बाईसाहेब," हैबतराव करवादले, "गड चाललाय आणि आपण काठ मोजताय?"

"मोजू द्या. तीन वर्षांमागे मी एका लग्नासाठी पुण्यात राहिले, तर जाताना शिवलेली चोळी परतेपर्यंत जुनी झाली; भावजया तोंडाला पदर लावून हसल्या. एकीने चंदेरी आणली की दुसरी सण उलटायच्या आत काठ बदलते. आणि ही पुण्याहून ताजी आलेली नवरी! हिच्या अंगावर मला विचारावे लागेल असे काहीएक नाही. सगळे माझ्या पेटीत पडून आहे."

सगुणेने लुगड्याचा काठ मुठीत धरला. "जुन्या लुटीतले नेसवले मला. माझा धनी खाली बेड्यांत आहे. दरवाजा उघडला नाही, तर त्याला मारतील."

"कडेलोट करा हिचा!"

"बसा, हैबतराव. अंगात बळ उरले असेल तर ते उद्यासाठी राखा." तुळजाबाई सगुणेकडे वळल्या. "खाली जाऊन सांग, उद्या सूर्योदयाला गड ताब्यात देतो. बक्षीस म्हणून आजच नवरा मागून घे आणि दोघे निघून जा."

"आणि मी तिथे खरे सांगून टाकले तर, आत्याबाई?"

"तर आम्ही मेलो. आता आत्याबाई म्हणू नकोस. किंवा म्हण, माझे काय जाते?"

सगुणा वाकली, पायांना हात लावला आणि मेण्यात बसली.

सूर्योदयाला रवळोजीरावांची फौज ढाली पाठीवर टाकून, नौबत वाजवीत, वरातीसारखी चढली. दरवाजा वचनाप्रमाणे उघडला, आणि त्यातून हैबतरावांची तुकडी तलवारी उपसून तुटून पडली. दुपारपर्यंत वेढा मोडला होता.

कुमक आली ती सगळे आटोपल्यावर. तिच्या सरदाराने मानाच्या वस्त्रांचे तबक पुढे करून तुळजाबाईंच्या शौर्याची स्तुती आरंभली. त्यांनी एवढेच विचारले, "वाटेत एखादे जोडपे भेटले का? बाई तरुण होती."

"मुडदे पुष्कळ होते, बाईसाहेब. कुणाचे कोण, हे कुठे पाहत बसणार?"

तुळजाबाईंनी मान हलवली, तबक खाली ठेवायला सांगितले आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. सरदार पुढे बराच वेळ बोलत होता.