खोक्यावरचा नंबर

"आला बघ तुझा वॉटरपंपवाला," एलवुडकाका माझ्या कानाशी कुरकुरले. "तिसरं वर्ष. एवढ्या मोठ्या बाजारात याला एक पंप सापडू नये?"

मी मान खाली घालून उगाच बोल्ट निवडत बसले. ऑक्टोबरची भुरभुर ताडपत्रीवर वाजत होती. पेनसिल्व्हेनियातल्या त्या मैदानभर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची टेबलं, आणि रसेल नेमका आमच्याकडेच येत होता... टोपीवरून पाणी निथळतंय, हातात तीच वही.

"नंबर तोच, नोरीन. वडिलांची पासष्ट सालची गाडी. सापडला का?"

सापडला होता. केव्हाच. रसेल वाचायचा तो नंबर पंपाच्या लोखंडावर ओतलेला, इंजिनिअरांचा. खोक्यावर छापतात तो पार्ट नंबर, दुकानदारांचा. दोन्ही एकाच पंपाचे, पण वेगळे. पहिल्या वर्षी मलाही हे ठाऊक नव्हतं; मी मनापासून 'नाही' म्हटलं. त्या हिवाळ्यात काकांच्या जुन्या कॅटलॉगात दोन्ही नंबर शेजारी-शेजारी दिसले, आणि खोकं निघालं आमच्याच टेबलाखाली. दुसऱ्या वर्षीही मी 'नाही'च म्हटलं. पंप मिळालेला माणूस परत कशाला येईल?

पण उद्या काका सगळा माल ओहायोच्या व्यापाऱ्याला देऊन टाकणार होते. पुढच्या ऑक्टोबरात इथे ना टेबल, ना मी.

मी खोकं काढून त्याच्यापुढे ठेवलं.

"यावर नंबर दुसराच आहे," तो म्हणाला.

"उघडून बघ. आत तुझाच आहे."

"कधीपासून?"

"तू पहिल्यांदा आलास तेव्हापासून. मागच्या वर्षी तर... मला माहीत होतं."

"आणि बोलली नाहीस?"

"नाही."

आता रागावणार, वाटलं. तो कानापर्यंत लाल झाला — आणि खोकं न उघडताच हळूच माझ्याकडे सरकवलं.

"तो कशाला उघडेल?" थर्मासचं झाकण फिरवत काका म्हणाले. "ती गाडी तिकडे फाटकाशी उभी आहे. स्वतः चालवत आलाय; पंप नसता तर इंजिन तापून वाटेतच बंद पडलं असतं. मागच्या वर्षीही तसाच आला होता. म्हटलं, आपण कशाला मध्ये पडा."

मी रसेलकडे बघितलं. तो वहीकडे बघत होता. मग त्याने वही मिटली.

"पंप मला पहिल्याच हिवाळ्यात मिळाला," तो म्हणाला. "नंबर मी नुसताच वाचून दाखवत होतो... मी तुझ्यासाठी येतो, नोरीन."