शर्वाणीचं वांगं आणि बंद दार

शर्वाणीचं ई-पत्र चंद्रावर पोचायचं दूरच राहो, घराबाहेरही पडत नव्हतं. चंद्रावरच्या पहिल्या शेतघरात कोणती भाजी लावायची हे मुलांच्या पत्रांवरून ठरणार होतं आणि मुदत आज संध्याकाळी संपत होती. गावच्या काटेरी वांग्यासाठी शर्वाणी महिनाभर खपली होती. पत्र धाडायचा प्रोग्रामही तिने स्वतः लिहिला होता. दुसऱ्या कुणाची टपालसेवा कशाला वापरायची, हा तिचा बाणा.

ती अगदी रडकुंडीला आली, तेव्हा विनयाआत्या घरी आली. शर्वाणीच्या घराला इंटरनेट पुरवणाऱ्या सांगलीच्या कंपनीत आत्या अभियंता होती. तुझं पत्र ज्या दाराने जाऊ बघतंय, ते आमच्या कंपनीनेच बंद ठेवलंय, असं तिने शांतपणे सांगितलं. शर्वाणी फुरंगटली.

“मी एकच पत्र पाठवतेय. तुमचं काय घोडं मारलंय?”

आत्या तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिथे लाटोबा, म्हणजे घरचा पोळ्या करणारा यंत्रमानव, कणीक मळत होता. आत्याने त्याला संगणकाचा पडदा जोडला आणि शर्वाणी बघतच राहिली. लाटोबा सकाळपासून हजारो लोकांना ‘तुम्हाला बक्षीस लागलंय’ अशी पत्रं धाडू पाहत होता.

“मला यातलं काही ठाऊक नाही हो,” लाटोबा ओशाळून म्हणाला. “मी आपली कणीक मळतोय.”

बिचारा खरंच बोलत होता. त्याचा कारखान्यातला पासवर्ड घरात कुणी बदललाच नव्हता. त्यामुळे एका भामट्याने नेटवरून शिरून त्याला बॉट (मालकाच्या नकळत परक्याच्या हुकमाने राबणारं यंत्र) करून टाकलं होतं. स्पॅम (न मागता ढिगाने धाडलेली पत्रं) पाठवणारे असेच दुसऱ्यांची यंत्रं वापरतात.

मग आत्याने दारांची गोष्ट सांगितली. संगणकाला पोर्ट (क्रमांक दिलेली दारं) असतात. टपालाचे मोठे संगणक पंचवीस नंबरच्या दाराने एकमेकांना पत्रं देतात आणि तिथे पासवर्ड विचारत नाहीत. घरांना त्या दाराची गरज सहसा पडत नाही, म्हणून कंपनी ते घरांसाठी बंद ठेवते. शर्वाणीचा प्रोग्राम आणि लाटोबा, दोघंही तेच दार ठोठावत होते. आपण पत्र टपालसेवेकडे पाचशे सत्त्याऐंशी नंबरच्या दाराने द्यायचं. तिथे नाव आणि पासवर्ड विचारतात, आणि कुणी पत्रांचा पाऊस पाडू लागला तर त्याला लगेच थांबवता येतं.

“बाहेरच्यांना तुझं आणि लाटोबाचं पत्र एकाच पत्त्यावरून आलेलं दिसतं,” आत्या म्हणाली. “त्याची पत्रं सुटली असती, तर चंद्रावरच्या संगणकाने आपलं घरच काळ्या यादीत टाकलं असतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, बाळा.”

ज्या बंद दारावर शर्वाणी चिडली होती, त्यानेच तिचं वांगं वाचवलं होतं. तिला स्वतःचंच हसू आलं. आत्याने लाटोबाला नेटवरून सोडवून स्वच्छ केलं, नवा पासवर्ड दिला. शर्वाणीने बाणा बाजूला ठेवून एका टपालसेवेत खातं उघडलं, आपल्या प्रोग्राममध्ये दार बदललं आणि तिथलं नाव, पासवर्ड घातला. संध्याकाळ व्हायच्या आत पत्र गेलं.

आठवड्याने उत्तर आलं. वांगं निवडलं होतं! घरभर पेढे वाटून झाल्यावर शर्वाणी आत्याजवळ येऊन बसली. चंद्रावर भाजी तोडायला यंत्रमानव असतील, मग तिथलं पत्रांचं दार कोण सांभाळणार, असं तिने विचारलं. अजून कुणी नेमलेलं नाही, असं आत्या म्हणाली.

“मग त्यांना सांग, थोडी वर्षं थांबा म्हणावं. मी येतेय.”