गुन्हा पुकारल्याखेरीज

पूर्वेला तांबडे फुटले तरी कातळगडाखालची दरी धुक्यात बुडालेलीच होती, आणि त्या धुक्याच्या तळाशी मोगलांची छावणी जागी होत असल्याचे केवळ घोड्यांच्या खिंकाळण्यावरून कळत होते. दसरा उलटून गेला, तरी वेढा उठला नव्हता. गडावर दाणागोटा होता, दारूगोळा होता. आटला होता तो एकमेकांवरचा विश्वास.

वेढ्याच्या आरंभी गनिमाची एक टोळी चोरवाटेने थेट माचीला भिडली होती. वाट कोणी दाखवली ते उमगेना, तेव्हा संशय गेला तो पायथ्याच्या धनगरांवर, कारण ती वाट त्यांच्या शेळ्यांनीच पाडलेली. किल्लेदार जाखोजी वाघोले यांनी धनगरांचा म्होरक्या बिराजी कोकरे याच्याकडे बेलभंडारा पाठवून कौल दिला, की चौकशीखेरीज केसालाही धक्का लागणार नाही. त्या शब्दावर बिराजी आपल्या चार भाऊबंदांसह आपल्या पायांनी गड चढून आला आणि अंबारखान्याच्या तळघरात पडला.

चौकशी काही झाली नाही. तो गुन्हेगार ठरला नव्हता म्हणून पायांत बेडी नव्हती. गनिमाचा शिपाई नव्हता म्हणून अदलाबदलीत सुटत नव्हता. आणि पाहुणाही नव्हता, म्हणून दार उघडत नव्हते. त्याने विचारले की जाखोजी म्हणत, "मोहीम उरकू दे, बिराजी. मग चौकशी." आणि हे त्यांना मनापासून खरे वाटे, हेच वाईट.

त्या सकाळी हुजुरांचे कारकून विसाजीपंत मागच्या कड्याने दोर धरून वर आले. मोगलांचा एल्गार दोन दिवसांवर आल्याची खबर होती. त्याआधी संशयितांचा कडेलोट करावा, असा हुकूम त्यांनी आणला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार. पण घाबरलेल्या दरबाराला सूळ रिकामा बघवत नाही.

गडाचा रिवाज असा, की कडेलोटापूर्वी किल्लेदाराने गडदेवतेच्या साक्षीने गुन्हा तीनदा पुकारावा, मगच ढोलावर टिपरू पडावे. शिबंदी कड्यावर जमली. पाचही जणांना उभे केले. बिराजीने हात जोडले.

"सरकार, मराया ना न्हाई. पर गुन्हा कंचा त्यो ऐकून मरू द्या. घरच्यास्नी सांगाया कायतरी पायजे."

लढाईत न डगमगलेले जाखोजी त्या साध्या मागणीपुढे शरमले.

"फितुरी म्हणा आणि मोकळे व्हा," पंत हलकेच म्हणाले.

"फितुरी कोणी केली ते मला ठाऊक नाही, पंत. तुम्हांलाही नाही. देवीपुढे मी खोटे पुकारणार नाही."

"हुकूम हुजुरांचा आहे, किल्लेदार."

"आणि कौल माझा होता." जाखोजींनी कमरेची तलवार सोडून पंतांच्या पायांशी ठेवली. "गुन्हा हवाच असेल तर माझा पुकारा. मी हुकूम मोडला, हे साऱ्या गडाने पाहिले आहे."

ढोलकऱ्याने टिपरू खाली ठेवले. मग एकेक भालाही खाली आला. पंतांना कोणाचाच गुन्हा पुकारता येईना. जाखोजींचा पुकारायचा तर गुन्हा न ठरवताच कडेलोट करण्याचा तो हुकूमही चारचौघांत पुकारावा लागला असता. त्यांनी नवा किल्लेदार नेमला आणि जाखोजींना धनगरांसह त्याच तळघरात टाकले.

एल्गार झाला, तो गडाने परतवला, आणि काही दिवसांनी वेढा दुसऱ्या गडाकडे सरकला. वाट कोणी दाखवली ते शेवटपर्यंत कळले नाही. कदाचित शेळ्यांखेरीज कोणी दाखवलीही नसेल. धनगरांना चौकशीविना आणले होते, तसेच चौकशीविना सोडून दिले. त्यांना निर्दोष कोणी म्हटले नाही, म्हणून पायथ्याच्या गावात त्यांना पुढे कोणी विस्तवही देईना.

निघताना बिराजीने आपले घोंगडे जाखोजींपुढे ठेवले.

"ऱ्हाऊ द्या, सरकार. हितं लई दिस लागत्यात."

थंडी पडल्यावर नवा किल्लेदार तळघरात आला. माणूस भला होता. जाखोजींनी घोंगडे सावरत आपल्या चौकशीचे काय झाले, असे विचारले.

"मोहीम उरकू द्या, जाखोजीराव," तो अदबीने म्हणाला. "मग चौकशी."

जाखोजींनी पुन्हा विचारले नाही. ते उत्तर त्यांना तोंडपाठ होते.