चढावरची विहीर

सकाळी रंभाबाईंच्या विहिरीत मासे उलटे तरंगताना दिसले आणि दुपारच्या आत नांदे गावाने निकालही लावून टाकला. शेजारच्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतींचं कंत्राट घेतलेल्या हाफीजनेच ॲसिड सोडलं म्हणे.

विमा कंपनीची तपासनीस गौतमी आली, तेव्हा तिने नुसती सही ठोकून जावं अशीच सगळ्यांची अपेक्षा होती. हाफीजने प्रदूषणाचा विमा उतरवला होता. कामावर चुकून काही सांडलं, कुणाचं पाणी नासलं, तर भरपाई कंपनी देणार. बिल्डरचा माणूस सारखं घड्याळ बघत होता. रंभाबाईंचा मुलगा शेखर चहा घेऊन मागेपुढे करत होता. गौतमीला या घाईचाच वैताग आला. ज्याला त्याला तिच्या सहीची पडली होती, विहिरीचं कुणालाच काही नव्हतं.

सही नको म्हणणारा एकटा हाफीज.

"ताई, भरपाई कंपनी देईल, पण ठपका माझ्यावर बसेल. मग मला पुन्हा विमा कोण देणार? आणि विम्याशिवाय कुठला बिल्डर भिंतीला हात लावू देणार?"

"ॲसिड तुमचंच ना?"

"माझंच. भिंतीवरचे सिमेंटचे डाग काढायला आणलेलं. दोन कॅन गायब आहेत. पण भिंत धुवायला आम्ही अजून घेतलीच नाही."

गौतमीने इमारतीला फेरी मारली. भिंतीवरचं पाणी वाहून नेणारा चर खाली ओढ्याकडे जात होता आणि विहीर होती वर, चढावर. म्हणजे ॲसिड कुणीतरी उचलून नेलं होतं. पण कुणी? वॉचमनने काही पाहिलं नव्हतं, मजुरांनी ऐकलं नव्हतं, बिल्डरच्या माणसाला काही ठाऊकच नव्हतं. विचारून विचारून तिचं डोकं पिकलं.

विहिरीच्या काठावर रंभाबाई बसून होत्या. आत चारही बाजूंनी सरळसोट दगडी बांधकाम होतं, उतरायला पायरीसुद्धा नव्हती.

"धन्यानं सोडल्यालं कासव व्हतं आत," त्या म्हणाल्या. "पाणी साफ ठेवायचं बिचारं. मरून तळाला गेलं आसंल."

ॲसिडच्या वाफेने डोळे चुरचुरत होते. तोंडावर पाणी मारायला गौतमी शेखरने भाड्याने दिलेल्या खोल्यांमागे, हौदावर गेली. तिथे तिने हौदात वाकून नीट पाहिलं. मग तिने सगळ्यांना तिथेच बोलावलं.

हौदात कासव होतं, चांगलं धडधाकट.

"त्ये आपलं आपण भाईर आलं आसंल," शेखर घाईने म्हणाला.

"सरळ भिंत चढून?" गौतमीचा आवाज चढला. "बरं, आलंही असेल. पण नासलेल्या पाण्यातून आलं असतं तर याचे डोळे धड राहिले असते का? मासे मेले ते याला बाहेर काढल्यानंतर. विहीर नासणार हे ज्याला आधीच माहीत होतं, त्यानेच हे काढलं. वडिलांनी सोडलेल्या जिवाला मारायला तुमचा हात धजावला नाही, शेखरदादा."

शेखर हौदाच्या कडेवर बसला.

"गिऱ्हाईक आलंय जमिनीला. पण आई म्हंती, हिरीला पाणी हाय तवर इकायची न्हाई. मला वाटलं, विमा हाय, कुनाचंच नुस्कान न्हाई."

हाफीजने तोंड फिरवलं.

"विमा अपघाताचा असतो," गौतमी म्हणाली. "घरच्याच माणसाने मुद्दाम ओतलेल्या विषाचा नाही. हाफीजभाईंवर ठपका नाही. पण मावशी, विहिरीसाठी कंपनी काहीच देणार नाही." हे सांगताना तिला स्वतःचाच राग आला. खरं शोधून काढलं होतं आणि पाणी नासलेलं ते नासलेलंच राहणार होतं.

शेखर डोळे पुसत उठला. "मोटार लावून सगळं उपसून टाकतो, आई. आजच."

"आन् त्ये पाणी सोडशील कुटं?" रंभाबाईंनी विचारलं. "खालच्या लोकांच्या रानात?"

हौदावरची बादली उचलून त्यांनी शेखरच्या हातात दिली.

"बादलीनं उपसायचं. पिपात भरायचं. हिरीला पाणी हाय तवर."