दोन बोटं, तिसरी धून

नाशिकच्या नादविज्ञान केंद्रातल्या छोट्या सभागृहात चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीवर एक श्रवणपट ठेवला होता. कपाळाला बांधायची ही मऊ पट्टी मेंदूतल्या स्पंदनांवरून माणसाला त्या क्षणी कोणती धून ऐकू येते आहे, ते स्वरलिपीत उतरवत असे.

"पण मी जी वाजवते तीच धून सगळ्यांना ऐकू येणार ना?" पट्टी बांधून घेत रुदो मुतासा यांनी मुद्दाम विचारलं. साठीच्या या झिम्बाब्वेच्या बाई म्बिरा या लोखंडी पट्ट्यांच्या वाद्यावरच्या पारंपरिक धुना एकट्या गिटारवर वाजवत.

"उत्तर तुम्हाला ठाऊक आहे," हा प्रयोग घेणारे डॉ. सुमेध रणपिसे हसले. "तुमचा अंगठा एक स्वरमाला वाजवतो, बोट दुसरी. कान त्यांतले स्वर निवडून तिसरीच धून गुंफतो. ती कुणीच वाजवलेली नसते आणि प्रत्येकाची वेगळी असते."

"आमच्याकडे हे पोरंसोरंही जाणतात," रुदो म्हणाल्या. "मोजलं मात्र कुणी नव्हतं."

एक श्रोता आला नाही. "शर्वाणीताई, तुम्हीच बसा," सुमेध म्हणाले. केंद्राच्या प्रमुख डॉ. शर्वाणी टिपणीस क्षणभर घुटमळल्या. गेली दोन वर्षं त्यांना वरचे स्वर ऐकू येत नव्हते. हे त्यांनी कुणालाही कळू दिलं नव्हतं, आणि पट आता ते उघड करणार होता. पण नाही म्हणायला कारण सुचेना.

रुदोंनी तारांवर तळवा टेकवून त्यांचा नाद किंचित दाबला आणि सुरुवात केली. लाकडाच्या त्या एवढ्याशा खोक्यातून तीन माणसं एकमेकांशी बोलत असल्यासारखं वाटत होतं. कुठेही घाई नव्हती. तेच आवर्तन पुन्हा येई, आणि प्रत्येक वेळी त्यात नवं दार उघडे. शर्वाणी आधी अंग चोरून बसल्या होत्या. मग खर्जाच्या तारांमधून त्यांना एक संथ, डौलदार धून ऐकू येऊ लागली, आणि आपण काय लपवतो आहोत हेच त्या विसरल्या. त्यांचा पाय ठेका धरू लागला. दोन वर्षांत प्रथमच त्यांना संगीत पुरतं भेटत होतं.

वादन संपलं तेव्हा सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

श्रोते गेल्यावर सुमेध पटांवरच्या नोंदी दाखवणाऱ्या संगणकाच्या पडद्यासमोर थबकले. "सुरुवातीला चाळीस निरनिराळ्या धुना. बाराव्या मिनिटापासून सगळ्यांना एकच!"

"रुदोबाईंनी सगळ्यांना आपल्या धुनेवर आणलं," शर्वाणी म्हणाल्या. "सोपं आहे."

"मलाही तेच वाटलं. पण त्यांच्या पटावर ती धून अकराव्या मिनिटाला उमटली. त्याआधी, नवव्या मिनिटापासून, ती एकाच श्रोत्याला ऐकू येत होती." त्यांनी मागे वळून पाहिलं. "ताई, तुम्हाला. आणि तुमच्या आलेखात वरचा एकही स्वर नाही."

शर्वाणींनी पट्टी कपाळावरून काढली. "मला ते ऐकूच येत नाहीत," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्या प्रथमच मोठ्याने बोलत होत्या.

"तरीच!" रुदो पुढे आल्या. "तुमचा पाय भलत्याच ठिकाणी पडत होता. आधी वाटलं, मीच चुकते आहे. मग तुमच्या पायाकडे बघत खर्जावर जोर देत गेले, आणि ती सापडली. चाळीस वर्षं हीच आवर्तनं वाजवते आहे मी. वरच्या स्वरांच्या गर्दीत ही धून मला कधी दिसलीच नाही."

त्यांनी गिटार पुन्हा मांडीवर घेतली. "मला नीट बसवायची आहे. म्हणून दाखवाल?"

शर्वाणींनी घसा खाकरला आणि गुणगुणायला सुरुवात केली. रुदो मागोमाग वाजवू लागल्या.

"नाही," शर्वाणींनी त्यांना थांबवलं. "दुसरा स्वर जरा उशिरा येतो."

रुदोंनी विद्यार्थिनीसारखी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.