आडवं कमळ

भावेशची गाडी पळस्पे फाट्याच्या पेट्रोल पंपावर उभी होती.

मी कोनच्या मावशीकडून करंजाला परत निघाले होते, सहा सीटर रिक्षाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. आणि समोर तीच काळी पल्सर! पुढच्या मडगार्डवर एकवीरा आईचं स्टिकर, डावा आरसा फुटका. वर रेनकोटवाला, डोक्यात हेल्मेट... "थांब, थांब" म्हणत मी चालत्या गाडीतून उडीच मारली. चप्पल तुटली, चिखल गुडघ्यापर्यंत. धावत जाऊन त्याचा दंड धरला.

"भावेश!"

हेल्मेट निघालं. आत प्रितम होता.

"मी हाय गो समृद्धी..." तो इतक्या हळू म्हणाला की मला रडूच फुटलं. मग रडले म्हणून राग आला, आणि तो त्याच्यावरच काढला. "गाडी कोणाला विचारून काढलीस?"

"सखूमावशीनं दिली. म्हणाली, उभी राहून गंजेल."

भावेशशी माझा साखरपुडा झाला होता. गेल्या गणपतीनंतर खलाशी आजारी पडला, तर हा शहाणा एकटाच होडी घेऊन समुद्रात गेला. परत आलाच नाही. होडीही नाही. त्याची आई, सखूबाई, अजून रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवते. मला सून म्हणते. मी ना धड लग्नाची, ना धड मोकळी. आणि हा प्रितम, भावेशचा कोनचा जिवलग दोस्त.

"चाललायस कुठं?"

तो नळीतून पेट्रोल पडताना बघत राहिला. "देवगडला. किनाऱ्याला फुटक्या होडीचा फळा लागलाय, बाजूची मोठी फळी. निळा-पिवळा. बर्फाच्या ट्रकवाल्यानं बंदरात सांगितलं."

निळ्या-पिवळ्या होड्या करंजाला ढिगानं आहेत. पण आमची ओळखू येणारी होती, आणि ती या प्रितममुळेच. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर कलंडून पडतात, तेव्हा रंगकाम होतं. हा शेतकऱ्याचा पोर हौसेनं आला आणि कलंडलेल्या होडीवर मस्त सरळ कमळ काढून मोकळा झाला. होडी पाण्यात गेली, सरळ झाली... आणि कमळ आडवं! अख्खं बंदर हसलं. भावेश म्हणाला, "राहू दे. झोपलंय बिचारं."

"मी पण येणार," मी म्हटलं.

"चारशे किलोमीटर हाय. पाऊस हाय. रस्त्याला खड्डे हायत."

"मला तोंड पण हाय. घरी मी बोलते."

घरी आईनं आकाशपाताळ एक केलं. शेवटी सखूबाईच म्हणाली, "जाऊ दे तिला. तिचा हक हाय."

दोन दिवसांनी उजाडता उजाडता निघालो. पाऊस असा की पुढचा ट्रेलर नुसता लाल दिव्यांवरून कळायचा. मी मागचं कॅरिअर दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. उजवा आरसा शाबूत होता, आणि प्रितमचे डोळे सारखे त्यात.

"पुढं बघ."

"मागून ट्रक येतोय का बघतोय."

"ट्रक काय माझ्या कपाळावर आहे?"

तो हसला. मीही हसले — किती महिन्यांनी! आणि पुढच्याच खड्ड्याला आठवलं की मी भावेशच्या गाडीवर बसून हसतेय. कशेडी घाटात चहाला थांबलो तेव्हा प्रितमनं माझा ग्लास आधी स्वतःच्या तळहातावर धरून बघितला, फार कढत नाही ना म्हणून. मी तोंड फिरवलं. फळा आपला निघू नये, असं मी वाटभर देवीला सांगत होते. आणि आत कुठेतरी... निघाला तर सुटेन, असंही वाटत होतं. शी! स्वतःचीच किळस आली.

देवगडला विनायक नावाच्या मच्छीमाराच्या घरी उतरलो. फळा त्यानंच किनाऱ्यावर उचलून ठेवला होता, पण आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडला होता. सकाळी मी उठले तर प्रितम किनाऱ्यावरून परतही आला होता. पाय वाळूनं भरलेले.

"नाय गो. आपला नाय."

"कमळ?"

"कसलं कमळ... काय नाय त्याच्यावर. चहा घे, निघू."

माझी नजर चुकवत होता. आणि कप धरलेल्या त्याच्या नखांत निळा रंग होता.

मी अनवाणीच धावले. जाळ्यांच्या शेडमागे फळा उभा होता. त्यावर आडवं कमळ. दोन पाकळ्या ताज्या खरवडलेल्या, मग पुढे हात चालला नसावा. मी तिथेच मटकन बसले. भावेश गेला होता. खरंच गेला होता.

किती वेळ रडले, माहीत नाही. मागे प्रितम येऊन उभा राहिला होता.

"खोटं का बोललास?"

"खरं बोललो असतो तर तू मोकळी झाली असतीस." त्याचा आवाज फाटला. "आणि मला तेच पायजे होतं गो... लय दिवसांपासून. हा फळा बघितला, तर आधी तो नाय आठवला. आधी तू आठवलीस. दोस्त मेलाय, आणि मी... लाज वाटली स्वतःची. म्हटलं, नकोच. राहू दे तुला त्याचीच."

मी उठून त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. आणि मग तिथेच कपाळ टेकलं.

परत येताना फळा माझ्या ओढणीत गुंडाळून आम्हा दोघांच्या मध्ये ठेवला होता. पळस्पेला त्यानं गाडी बाजूला घेतली.

"इथून रिक्षा करून देऊ? गावात लोक बघतील."

"बघू देत."

मी कॅरिअर सोडलं आणि फळ्यावरून हात पुढे नेऊन त्याच्या खांद्यावर ठेवला. या वेळी त्यानं आरशात बघितलं नाही.

सखूबाई दारातच होती. दिवेलागणीची वेळ. तिनं त्याच्या खांद्यावरचा माझा हात बघितला, मग ओढणी. फळा मांडीवर घेऊन ती खूप वेळ त्या कमळावरून बोटं फिरवत राहिली, लहान मुलाला थोपटावं तशी. मग अशी ओरडली की आळीतल्या बाया धावल्या.

सगळ्या गेल्यावर ती उठली. भावेशचं ताट रोजच्यासारखं वाढून झाकलेलं होतं. तिनं झाकण काढलं आणि ताट प्रितमसमोर सरकवलं.

"लांबून आलास. जेव."

"मावशी... हे त्याचं हाय."

"त्याचंच हाय. म्हणून तर तुला देते. आणि तू गो, उभी काय? बस त्याच्या बाजूला."

प्रितमचा हात भातात नुसताच राहिला. मी बोय माशाचा काटा काढून तुकडा त्याच्या ताटात ठेवला. सखूबाईनं तोंड फिरवलं, आणि पदर डोळ्यांना लावला.